स्क्विमची जांभळी जत्रा

सिअ‍ॅटलच्या माणसाला जुलै महिन्यात घरात बसवत नाही. वर्षातले आठ-नऊ महिने करड्या आभाळाखाली काढल्यावर एकदाचा सूर्य उगवतो आणि मग रात्री नऊपर्यंत मावळायचं नाव घेत नाही. अशा वेळी प्रत्येक शनिवार-रविवारी कुठेतरी गेलंच पाहिजे, असा इथला अलिखित नियम आहे. सोमवारी ऑफिसात "वीकेंडला काय केलंस?" या प्रश्नाला "चार धोबीघाट" हे उत्तर चालत नाही.

त्यातून यंदा सासूबाई आलेल्या. त्यांना स्पेस नीडल दाखवून झाली, विमानांचा कारखाना दाखवून झाला, माउंट रेनिअर दाखवायला नेलं तर तो दिवसभर ढगात दडून बसला. नवरोबांनी मग लॅव्हेंडर फेस्टिव्हलचा शोध लावला. ऑलिंपिक द्वीपकल्पावर स्क्विम नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे दर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार हा सोहळा असतो. गावात राहायला जागा मिळणं मुश्कील, पण एका शेतकऱ्याच्या घरातल्या माडीवरच्या दोन खोल्या कुणीतरी ऐन वेळी रद्द केल्या आणि आम्हाला मिळाल्या.

खरं सांगायचं तर मला कुठेच जायचं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी दादाची मेल आली होती. सोबत मुखत्यारपत्राचा मसुदा. मी त्याची प्रिंट काढायची, वकिलातीसमोर सही करून शिक्का घ्यायचा आणि कुरियरने पाठवायचं. मग माझ्या वतीने चुलतभाऊ तिकडे रजिस्ट्रारच्या कचेरीत हक्कसोडपत्र करून देणार. माण तालुक्यातली आमची साडेतीन एकर जमीन, बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागलेली. आईची तयारी आहे. राहिले मी. "तुझं नाव निघालं की विकायला सोपं जाईल," असं दादाने लिहिलं होतं. त्याच्याशी माझं भांडण नाही. बाबांचं आजारपण त्याने काढलं, मी फक्त पैसे पाठवले आणि रात्री दोन-दोनला फोन केले. दहा वर्षांत मी त्या शेतात चार वेळा पाऊल टाकलं असेल. तरी प्रिंट काढून आठ दिवस झाले, कागद पर्समध्ये तसाच होता. असो.

शनिवारी सकाळी सातला बेनब्रिजच्या बोटीच्या रांगेत लागलो. मोटारीसकट बोटीत जायचं याचं सासूबाईंना भारी अप्रूप. "दाभोळलाही आहे की अशी बोट," असं नवरोबा म्हणाले, तर "तू मला नेलंस का कधी दाभोळला?" या प्रश्नाने त्यांची बोलती बंद झाली. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी थालीपीठं, शेंगदाण्याची चटणी आणि डब्यातलं दही असा नाश्ता झाला. शेजारच्या टेबलावरचे आजोबा आमच्या चटणीकडे बघत होते. त्यांनाही अर्धं थालीपीठ पोचतं झालं.

पलीकडे उतरल्यावर थोड्या वेळाने हूड कनालवरचा पूल लागतो आणि इथे मला राहवत नाही. हा पूल तरंगता आहे. जवळजवळ अडीच किलोमीटर लांब रस्ता, खाली खांब नाहीत, तर काँक्रीटचे पोकळ तराफे. काँक्रीट तरंगतं यावर कन्यारत्नाचा विश्वास बसेना. खाडीचं पाणी खूप खोल, म्हणून ही युक्ती. पण १९७९ च्या फेब्रुवारीत आलेल्या वादळात याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग चक्क बुडाला आणि पूल पुन्हा सुरू व्हायला १९८२ उजाडलं. जवळच नौदलाचा पाणबुड्यांचा तळ आहे, त्यामुळे एखादी पाणबुडी निघाली की पुलाचा मधला भाग बाजूला सरकतो आणि सगळ्या मोटारी थांबतात. मी भरती-ओहोटीबरोबर पूल वरखाली कसा होतो या मुद्द्यावर आले तेव्हा नवरोबांनी गाण्याचा आवाज वाढवला.

गावाच्या नावाची एक गंमत. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण 'सेक्विम' म्हणणार हे नक्की. स्थानिक माणूस लगेच दुरुस्त करतो, 'स्क्विम'! तो 'ई' नुसता बसलेला आहे, काम काही करत नाही. (प्रत्येक ऑफिसात असतो तसा एक.) इथली आणखी एक प्रसिद्ध मंडळी म्हणजे एल्क, आपल्या सांबराचे थोरले भाऊ. हायवे ओलांडताना त्यांचे आणि मोटारींचे अपघात व्हायचे, म्हणून २००० च्या सुमारास कळपातल्या काही जणांच्या गळ्यात रेडिओ कॉलर अडकवले. कळप रस्त्याजवळ आला की पाटीवरचे दिवे आपोआप लुकलुकत. म्हणजे एल्कच स्वतःचा सिग्नल पाडून रस्ता ओलांडणार!

गावाजवळ आलो आणि आभाळ एकदम निळंभोर झालं. हा योगायोग नव्हे. पॅसिफिकवरून येणारे ढग ऑलिंपिक पर्वताला धडकतात आणि पलीकडच्या उतारावर रिते होतात. तिकडे 'हो'च्या जंगलात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. झाडांच्या फांद्यांवर हातभर शेवाळ. आणि पर्वताच्या अलीकडे, तिथून जेमतेम पासष्ट-सत्तर किलोमीटरवर असलेल्या स्क्विममध्ये? चारशे! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा तपासला होता. चौथीच्या भूगोलात आम्हाला 'पर्जन्यछायेचा प्रदेश' शिकवताना गुरुजी खिडकीबाहेर बोट दाखवत. दुसऱ्या उदाहरणाची गरजच नव्हती. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि तिथून शंभर किलोमीटरवर आमच्याकडे आषाढात ढग नुसते वरून निघून जातात. बाबा अंगणात उभे राहून म्हणायचे, "चालले. पंढरीला चालले." तरी आमच्याकडे बऱ्या वर्षी साडेचारशे-पाचशे पडतो. म्हणजे हे अमेरिकेतलं, पर्यटकांनी भरलेलं, हिरवंगार गाव आमच्या माणपेक्षाही कोरडं!

मग हिरवंगार कसं? एक तर इथे ऊन कोवळं, त्यामुळे पडलेलं पाणी उडून जात नाही. आणि दुसरं म्हणजे डोक्यावर बर्फाचं धरण आहे. हिवाळ्यात पर्वतावर साठलेला बर्फ उन्हाळाभर वितळत राहतो आणि डंजनेस नदीला पाणी पुरवतो. १८९५ च्या मे महिन्यात इथल्या शेतकऱ्यांनी हे पाणी पाटाने माळावर आणलं आणि पुढच्याच वर्षी त्या पाण्याचा वाढदिवस साजरा केला. तो 'इरिगेशन फेस्टिव्हल' अजून दर मे महिन्यात होतो. पाटाच्या पाण्याची जत्रा! मला हे इतकं पटलं म्हणून सांगू. आमच्याकडे उरमोडीचं पाणी आलं तेव्हा दादाने मला फोनवर नुसता पाण्याचा आवाज ऐकवला होता. बाबा पाटात पाय सोडून बसले होते म्हणे, पन्नास वर्षं वाट बघितल्यावर. आज जमिनीला गिऱ्हाईक आहे तेही त्या पाण्यामुळेच.

तर फेस्टिव्हल. गावातल्या कॅरी ब्लेक पार्कमध्ये तंबू ठोकलेले, मधे एक स्टेज, त्यावर गिटार आणि बँजोवाले. तंबूंमधून साबण, मेणबत्त्या, उशा, डोळ्यांवर ठेवायच्या पुरचुंड्या, मध, मीठ, चॉकलेट, कुत्र्यांचे शांपू. सगळ्यात लॅव्हेंडर! माणसंसुद्धा जांभळी. जांभळे टीशर्ट, जांभळ्या टोप्या, एका आजीबाईंचे केसही जांभळे. सासूबाई नेमक्या जांभळ्या इरकलीत होत्या. तीन बायकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले आणि एकीने तर "हे इथे कुठल्या तंबूत मिळालं?" असं विचारलं. जत्रा ती जत्राच. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला जायचो तेव्हा शेव-रेवडी, बांगड्या, पाळणा आणि धूळ. इथे धूळ तेवढी नव्हती.

लॅव्हेंडर आईस्क्रीमच्या रांगेत वीस मिनिटं गेली. कन्यारत्नाने पहिला चमचा खाऊन "साबण" असा शेरा मारला आणि कप माझ्याकडे सरकवला. सासूबाईंनी एक चमचा तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "धने! अगं, भाजलेल्या धन्यांवर कापराची वडी ठेवल्यासारखं लागतंय."

मी तोंडाचा आ करून बघत राहिले. कारण त्या बरोबर होत्या. लॅव्हेंडरच्या वासातला मोठा भाग लिनॅलूल नावाच्या रसायनाचा आणि धन्याच्या तेलातही सर्वांत जास्त असतं ते हेच. शिवाय लॅव्हेंडरच्या काही जातींत कापूरही असतो, अगदी आपला देवापुढचा. हे कळायला मला प्रयोगशाळेतलं यंत्र लागलं असतं. सासूबाईंनी चाळीस वर्षं गोडा मसाला केला आहे.

दुपारी शेतांकडे निघालो. आमचा मुक्काम होता तिथलं शेत पाच एकरांचं. मोटारीतून उतरलो आणि आधी रंगाऐवजी आवाजच आला. मधमाश्या आणि गब्दुल भुंगे, हजारोंनी. अख्खं शेत जात्यासारखं घरघरत होतं. मग रंग दिसला. सरळ ओळी, प्रत्येक ओळ म्हणजे गोल गोल झुडपांची माळ, जवळून निळी, लांबून जांभळी, आणि पलीकडे डोंगरावर अजून बर्फाचे पट्टे. सासूबाईंनी नमस्कार केला. कुणाला, ते विचारलं नाही.

जमीन मात्र मुरमाड. ही गोष्ट मला फोटोंतून कधी कळली नव्हती. लॅव्हेंडरला काळी कसदार जमीन, भरपूर पाणी असले लाड चालतच नाहीत. मुळाशी पाणी साचलं की झाड गेलं. पाण्याचा निचरा होणारी जमीन, ऊन आणि कोरडा उन्हाळा, एवढंच त्याचं मागणं. एक बारका विळा, रबरबँड आणि एक टोपली हातात देऊन आम्हाला ओळीत सोडण्यात आलं. जुडी स्वतः कापायची, स्वतः बांधायची आणि वर पैसेही आपणच द्यायचे! आयुष्यभर ज्वारी काढायला मजूर शोधत फिरलेल्या माझ्या बाबांना हा व्यवहार सांगितला असता तर त्यांनी मला खुळ्यात काढलं असतं. मी विळा धरून खाली वाकले, मूठ भरली आणि एका झटक्यात कापली. हात विसरला नव्हता. शेजारच्या ओळीतला एक माणूस कात्रीने एकेक काडी कापत होता, तो थांबून बघायला लागला. पीएचडी मिळाली तेव्हा वाटला नसेल एवढा अभिमान मला त्या क्षणी वाटला.

शेताच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली गर्दी जमली होती. तांब्याचं मोठं पिंप, वर घुमट, घुमटातून निघालेली वाकडी नळी. "हातभट्टी दिसतेय," सासूबाई कानात पुटपुटल्या. तत्त्व तेच होतं. पिंपात फुलं दाबून भरायची, खालून वाफ सोडायची, वाफ फुलांतलं तेल घेऊन वर जाते, नळीत गार होते आणि पाणी खाली, तेल वर असं काचेच्या भांड्यात जमतं. गंमत अशी की लिनॅलूलचा उत्कलनबिंदू १९८ अंश सेल्सिअस आहे. इतकं तापवलं तर फुलं करपतील. पण न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की दोघांच्या वाफेच्या दाबांची बेरीज होते आणि ती हवेच्या दाबाएवढी झाली की उकळी फुटते. म्हणून शंभर अंशांच्याही किंचित खालीच तेल पाण्याचा हात धरून बाहेर पडतं. कनौजचे अत्तरवाले हे शतकानुशतकं करत आलेत. आपल्या खानदेशातसुद्धा रोशा गवताच्या अशा भट्ट्या होत्या. ते तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जायचं आणि तिथून 'टर्किश जिरेनियम' असं नाव घेऊन जगभर. गवत आमचं, नाव तुर्काचं!

तुम्ही म्हणाल, हिला भट्टीत एवढा रस का? तर मी पीएचडीची सहा वर्षं थंड नळीवर वाफेचे थेंब कसे जमतात हे बघण्यात घालवली आहेत. त्यामुळे ती नळी बघताच माझे हात शिवशिवायला लागले. थंड पाणी वरून आत सोडलेलं आणि खालून बाहेर! म्हणजे वाफ आणि पाणी एकाच दिशेने. हे उलटं हवं. मी पाच मिनिटं गप्प बसले. मग शेतकरीबुवांना हळूच म्हटलं की दोन्ही पाइपांची अदलाबदल करून बघा. सत्तरीचे असतील, टोपी मागे सारून म्हणाले, "गेली वीस वर्षं अशीच चालतेय." नवरोबा माझी बाही ओढत होते. पण पुढच्या खेपेला म्हातारबुवांनी खरंच पाइप बदलले. आधी कोमट लागणारी काचेची बरणी थोड्या वेळाने गार लागायला लागली. त्यांनी बरणीला दोनदा हात लावला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता लॅव्हेंडरपाण्याची एक बाटली माझ्या हातात ठेवली. एवढं भलंमोठं पिंप, आणि तेल निघालं चहाच्या कपभर.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर ते पायऱ्यांवर येऊन बसले. हे शेत त्यांच्या वडिलांचं. तेव्हा इथे गाई होत्या, या सगळ्या खोऱ्यात दुधाचाच धंदा होता. मग दूध परवडेना आणि निवृत्त होऊन येणाऱ्या शहरी माणसांना हे ऊन आवडायला लागलं. एकेक करत गोठे गेले, घरं आली. नव्वदच्या दशकात काही जणांनी लॅव्हेंडर लावून बघितलं आणि १९९७ साली पहिला फेस्टिव्हल झाला.

"तेलावर भागतं?" मी विचारलं.

ते हसले. तेल बल्गेरिया आणि फ्रान्समध्ये टनांनी निघतं, त्या भावात त्यांना कसं परवडणार? त्यांचं पोट भरतं ते आमच्यासारख्यांवर. लोक येतात, स्वतः कापतात, साबण नेतात. मग त्यांनी पलीकडे बोट दाखवलं. कुंपणापलीकडे एकसारखी पन्नासेक घरं होती, राखाडी छपरांची. "तीस एकर. मीच विकले," ते म्हणाले. मी काय बोलावं ते न कळून चूक झाली का म्हणून विचारलं. बराच वेळ त्यांनी उत्तर दिलं नाही. "मुलांची कॉलेजं झाली," एवढंच म्हणाले. मग म्हणाले की तेव्हा सगळंच विकायला काढलं होतं. गिऱ्हाइकाला हे पाच एकर नको होते, दगड फार म्हणून.

रात्री माडीवरच्या खोलीत मी आणि सासूबाई झोपलो. खिडकी उघडी, साडेनऊला बाहेर अजून उजेड, आणि उशाशी सगळ्या जुड्या. मी पर्समधला कागद त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, घडी घातली, परत दिला.

"मी केली होती सही," त्या म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी साली. वडील गेले आणि वर्षश्राद्धाला गेले होते कराडला. भावाने बनारसी घेतली होती. भारी होती हो, जरीची. जेवणं झाली आणि तलाठी आला. कुठे सही करायची ते भावानेच बोटाने दाखवलं."

"वाचलं नाहीत तुम्ही?"

"माहेर तुटेल म्हणून भीती वाटली गं."

"मग? टिकलं माहेर?"

"टिकलं की. भाऊ होता तोवर." थोडं थांबून म्हणाल्या, "भाचे आता लग्नाची पत्रिका पोस्टाने पाठवतात."

पुढे त्या काहीच बोलल्या नाहीत. सही करू नकोस असंही म्हणाल्या नाहीत. माझ्या लक्षात आलं की दुपारी जत्रेत त्यांनी एकच वस्तू घेतली होती, कपड्यांत ठेवायची लॅव्हेंडरची पुरचुंडी. "कशासाठी?" असं मी विचारलं तर "आहे एक साडी" म्हणाल्या होत्या.

२००५ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला हे मला ठाऊक होतं. पण कायदा ठाऊक असणं वेगळं आणि दादाला फोन करणं वेगळं. आणि मला ती एकरभर जमीन हवी कशाला, हा प्रश्न होताच. मी काही परत जाऊन ज्वारी पेरणार नाही. लॅव्हेंडर तर मुळीच नाही, त्याला थंडी लागते. आपल्या देशात ते जमलं आहे ते जम्मूतल्या भदरवाहला. तिथे तर २०२२ पासून लॅव्हेंडर फेस्टिव्हलसुद्धा भरतो. आमच्या उन्हात ते आठवडाभरही टिकायचं नाही. बराच वेळ मी असल्या हिशेबात जागी होते. मग कधीतरी त्या वासाने झोप लागली. लॅव्हेंडरने झोप येते म्हणतात, त्यावर संशोधक म्हणून मी मत देणार नाही, पण सकाळी आठपर्यंत उठले नाही हे खरं.

रविवारी परतीच्या आधी डंजनेसच्या वाळूच्या दांड्यावर गेलो. समुद्रात नऊ किलोमीटर घुसलेली वाळूची निरुंद जीभ, टोकाला १८५७ सालचा दीपस्तंभ. अमेरिकेतला हा सर्वांत लांब नैसर्गिक दांडा. टोकापर्यंत जाऊन यायला अख्खा दिवस लागतो, आम्ही अर्धा तास चाललो आणि कन्यारत्नाने वाळूत बसून असहकार पुकारला. खाण्याचे सुप्रसिद्ध डंजनेस खेकडे इथलेच. सासूबाईंसमोर आम्ही त्यांचं नाव काढलं नाही.

या किनाऱ्याची एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. इथले मूळ रहिवासी स्क्लॅलम लोक. गोऱ्यांची वस्ती वाढली तसे त्यांना सरकारने दुसऱ्या जमातीच्या राखीव जागेत जायला सांगितलं. त्यांतल्या काही कुटुंबांनी नकार दिला. १८७४ साली आपसांत ५०० डॉलर गोळा केले आणि स्क्विमजवळ २१० एकर जमीन रीतसर विकत घेतली. ज्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या राहिले तिथलीच जमीन, खरेदीखत करून! त्या वस्तीचं नाव जेम्सटाउन. सरकारने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली ती १९८१ साली. शंभरहून जास्त वर्षं त्यांच्या हातात होता तो एक जमिनीचा कागद. मी हे वाचत उभी राहिले आणि नवरोबा "बोट चुकेल" म्हणून हॉर्न वाजवत राहिले.

बोट चुकलीच. आमच्याप्रमाणे अख्खं सिअ‍ॅटल जांभळं होऊन परतत होतं. बोटीच्या रांगेत दोन तास थांबा असं सांगण्यात आलं. प्रत्येक मोटारीच्या मागच्या काचेतून जुड्या दिसत होत्या. सासूबाई आणि नात मागे झोपल्या. संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणजे दादाकडे सोमवारची सकाळ. मी खाली उतरून धक्क्याच्या कठड्यापाशी गेले आणि फोन लावला.

"पाठवलास का कागद?" त्याने पहिलंच विचारलं. मागून म्हशीचा आवाज येत होता.

"नाही दादा. मी हक्कसोड करणार नाही." एवढं बोलून मला धाप लागली.

तो गप्प. मग म्हणाला, "पैशाचं म्हणशील तर तुझा हिस्सा देणारच होतो मी. तसं बोललो नाही का?"

"नव्हतास बोललास. पण तू दिला असतास, मला माहीत आहे. पैशाचं नाहीये. तू तुझ्या वाटणीचं वीक, मी आड येणार नाही. माझं तेवढं वेगळं करून दे. विहिरीकडचं नको, तू म्हणशील ते. दगडाचं दिलंस तरी चालेल."

"दगडाचं घेऊन काय करणार आहेस तिथे बसून?"

"माहीत नाही."

पुन्हा शांतता. त्याला लागलं होतं ते मला आठ हजार मैलांवरून कळत होतं. कुणीतरी त्याला चहा आणून दिला, कपबशीचा आवाज आला. "आईला काय सांगू?" तो म्हणाला. मी म्हटलं, मी सांगते. तो बराच वेळ चहा पीत राहिला.

"वाटणी करायची तर आधी मोजणी लागेल," शेवटी तो म्हणाला. "अर्जावर तुझीही सही लागेल."

"त्यावर करते. पाठव."

"बरं," म्हणाला, आणि ठेवतो न म्हणता तसाच थांबला. मग विचारलं, "कुठे आहेस? भोंग्याचा आवाज येतोय."

मी त्याला सांगायला लागले, पर्जन्यछाया, पाटाची जत्रा, पाच एकर, स्वतः कापून वर पैसे देणारी माणसं. त्यावर मात्र तो हसला. "आपल्या ज्वारीला पाठव त्यांना," म्हणाला. तेवढ्यात पुढच्या मोटारींचे दिवे लागले आणि नवरोबा हात हलवून बोलवायला लागले.